औषधाचा मोगरा

गुरुवार आला की इंद्रायणी सिस्टरच्या स्कूटीला मोगऱ्याचा वास यायचा. जुळे सोलापुरातून निघाली की ती आधी फुलबाजारात थांबे. पानात बांधलेले गजरे डिकीत ठेवी, वर ओला रुमाल टाकी आणि मग कुंभारीच्या रस्त्याला लागे. माळावरच्या वस्तीत सरकारी दवाखाना होता. दोन खोल्या, पुढं एक ओटा, ओट्यावर पत्रा. गुरुवार हा तिथं बीपीचा वार.

आधी या वाराला कुणी येत नसे. बाया म्हणत, "दुखत न्हाई, खुपत न्हाई, अंगात ताप न्हाई. मग गोळी कशाची?" आणि त्यांचं काय चुकत होतं? जखम असती तर दिसली असती, ताप असता तर हाताला लागला असता. हा रोग म्हणजे घरात चोर शिरावा आणि भांडंसुद्धा वाजू नये, तसा. महिनाभर गोळी घ्यायच्या, बरं वाटलं की सोडायच्या. डॉक्टर देवदत्त तरुण होते, तळमळीचे होते. त्यांनी तक्ते लावले, भाषणं केली, ओरडूनही पाहिलं. बाया पदर तोंडाशी धरून ऐकायच्या आणि पुढच्या महिन्याला येतच नसत.

मग एका हिवाळ्यात इंद्रायणीनं यंत्राचा पट्टा सोडता सोडता आपल्या अंबाड्यातलं शेवंतीचं फूल काढलं आणि समोरच्या बाईच्या केसांत खोवलं. "वरचा एकशे तीस, खालचा ऐंशी. शाब्बास!" एवढंच. पुढच्या गुरुवारी तिघीजणी दारातूनच विचारत आल्या, "फूल हाय का?"

तिथून रीत पडली. वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आणि खालचा नव्वदच्या आत आला की गजरा. ओट्यावर बसलेल्या साऱ्याजणींनी टाळ्या वाजवायच्या आणि त्यांच्यातल्याच केराबाईनं ओवी म्हणायची. केराबाईची जीभ मिरचीची आणि गळा गुळाचा. ज्या बाईचा आकडा चांगला तिचं नाव ओवीत गुंफून ती असं म्हणे की नवी नवरीसुद्धा लाजणार नाही इतकी साठीची बाई लाजे.

वस्तीचे आकडे खाली आले. वरच्या बैठकीत दवाखान्याचं नाव निघालं. डॉक्टरांचा सत्कार झाला आणि इंद्रायणीलाही फुलांचा गुच्छ मिळाला. आकड्यांसाठी फुलं तिनंही घेतली होती. ते तिला पुढं फार आठवत राहिलं.

चंद्रव्वा ही त्या वस्तीतली विधवा बाई. शेंगाचटणीच्या कारखान्यात उखळापाशी बसायची. कानडी घरची, मराठीही तितकीच सफाईनं बोलायची. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली होती की तिच्या मोकळ्या कपाळाची आता कुणाला आठवणही होत नसे. तिचा आकडा पहिल्यांदा रेषेच्या आत बसला त्या गुरुवारी इंद्रायणीनं सवयीनं गजरा उचलला. उचलला आणि हात अधांतरी राहिला.

"बेडा, बेडा," चंद्रव्वानं मान हलवली. "मला न्हाई चालत, बाई. दुसऱ्या कुणाला घाला."

"का न्हाई चालत?" केराबाई मागून कडाडली. "औषध हाय गं ते. औषधाला कुंकू लागत न्हाई."

बाया हसल्या. चंद्रव्वा हसली नाही. तिनं फक्त मान खाली घातली, इतकी खाली की तिचा बारकासा अंबाडा इंद्रायणीच्या हातापाशी आला. गजरा खोवताना त्या मानेला कापरं भरलेलं इंद्रायणीला जाणवलं. केराबाईनं ओवी धरली,

*दवाखान्याच्या दारात, कोण उभी ऐटीत*
*चंद्रव्वा माझी बाई, मोगरा घाली वेणीत*

त्या दिवशी घरी जाताना इंद्रायणीला वाटलं होतं, आज आपल्या हातून काहीतरी फार चांगलं घडलं.

चंद्रव्वाचा आकडा त्यानंतर कधी चुकला नाही. महिन्याच्या महिन्याला ती धुतलेलं लुगडं नेसून यायची, हात पुढं करायची आणि डोळे मिटून घ्यायची. देवाला कौल लावावा तसे. "किती?" "एकशे अडतीस." "खालचा?" "शहाऐंशी." मग डोळे उघडायचे.

वैशाखातल्या त्या गुरुवारी सकाळी नऊलाच पत्रा तापला होता. चंद्रव्वा आली ती भिंतीला हात लावत. इंद्रायणीनं पट्टा बांधला, फुगवला, सोडला. शंभरावर साठ.

तिनं पुन्हा पाहिलं. शंभरावर साठच.

दिसलं होतं तिला. चंद्रव्वाचा तळवा वैशाखात थंडगार होता. ओठ कोरडे होते. उठताना तिनं टेबल धरलं होतं. महिन्याच्या महिन्याला रेषेच्या अगदी काठावर बसणारा आकडा एकाएकी इतका खाली कसा गेला, एवढं विचारायला किती वेळ लागला असता? पण बाहेर रांग होती, हातात गजरा होता.

"शंभरावर साठ! मावशी, तुम्ही तर पोरीबाळींना मागं टाकलंत!" असं म्हणून इंद्रायणीनं टाळी वाजवली. ओट्यावर सगळ्यांनी वाजवली. केराबाईनं ओवी म्हटली. चंद्रव्वा फुलं घालून उन्हात उतरली.

दुपारी निरोप आला. चंद्रव्वा पाण्याच्या टाकीपाशी चक्कर येऊन पडली. उजवं मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. पोरगा टेम्पोतून सोलापूरला घेऊन गेला.

"टाकीपाशी?" इंद्रायणी म्हणाली. "तिचं घर तर इकडं, देवळामागं."

"ऊन लागलं असेल," डॉक्टर देवदत्त म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडं पाहून आवाज उतरवला. "सिस्टर, शंभरावर साठ म्हणजे वाईट आकडा नव्हे. कुणीही तुमची चूक म्हणणार नाही."

कुणी म्हणणार नाही, हे खरंच होतं. तेच तिला सोसवेना. घरी आमटीत मीठ घालताना तिचा हात थांबायचा आणि तो थंडगार तळवा पुन्हा हातात यायचा. कुणी भांडायला आलं असतं, दारात उभं राहून शिव्या दिल्या असत्या, तर तिनं खाली मान घालून ऐकलं असतं. पण दवाखान्यात सगळं जिथल्या तिथं होतं. पुढच्या गुरुवारी तिनं गजरे आणलेच नाहीत. बायांना सांगितलं, फुलं महागलीत.

आठवडाभरानं चंद्रव्वाची सून शिवबाई दवाखान्यात आली. ओट्यावर बसली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"शिस्टर, सासूबाई गोळी घेत न्हाईत. आमच्या मालकांनी सगळ्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई म्हणत्यात."

"कशा आहेत त्या?"

"डोकं धरून बसत्यात. सकाळी डोळ्याफुडं अंधारी आली म्हनल्या. डाव्या हाताला मुंग्या येत्यात." शिवबाईनं मागं वळून रस्त्याकडं पाहिलं. "मी हितं आल्ती म्हणून सांगू नगा."

इंद्रायणीनं यंत्र पिशवीत टाकलं. डाव्या हाताला मुंग्या. पुढचं काय असतं ते तिनं पाहिलेलं होतं. वाकडं झालेलं तोंड, लोंबणारा हात, तोंडातच अडकून पडलेलं बोलणं. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा. चंद्रव्वा गोळी घेणार होती की नव्हती, सगळं त्यावर होतं.

देवळामागच्या घरी चंद्रव्वाचा पोरगा निंगप्पा दारातच टेम्पोचं चाक उघडून बसला होता. त्यानं मान वर केली, पण उठला नाही.

"आलाव? यंत्र आणलं? आन् फुलं कुटं हायत?"

इंद्रायणीनं दारात चपला काढल्या.

"न्हाई, आमची यव्वा टाकीपाशी पडली तवा टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, म्हणून इचारतो. केराबाईला आणायची हुती की संगं. पडल्याची ओवी झाली असती."

"निंगप्पा," आतून आवाज आला. "दारातल्या माणसाला पाणी इचारत्यात आधी."

चंद्रव्वा भिंतीला टेकून बसली होती. हात गळ्यात बांधलेला, कपाळावर पट्टी. इंद्रायणीला पाहून तिनं नजर वळवली. इंद्रायणी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि डाव्या दंडाला पट्टा बांधला. चंद्रव्वानं यावेळीही डोळे मिटून घेतले.

"किती?" तिनं विचारलं. आवाज नापास होणार हे ठाऊक असलेल्या पोरीचा.

"एकशे शहाऐंशीवर एकशे आठ."

चंद्रव्वानं चांगल्या हातानं पदर तोंडावर ओढला. निंगप्पा पाना हातात घेऊन आत आला. "म्हंजी आता वाढलं? त्या दिवशी तर लई भारी हुतं म्हनं!"

"त्या दिवशी फार खाली गेलं होतं," इंद्रायणी म्हणाली. "भारी नव्हतं, निंगप्पा. मला ते दिसलं होतं. यांचा हात गार होता, टेबल धरून उठल्या. मी थांबवायला हवं होतं, झोपवायला हवं होतं, विचारायला हवं होतं. मी टाळी वाजवली. त्या उन्हात मीच त्यांना पाठवलं. डॉक्टर म्हणतात माझी चूक नाही. पण आहे."

चुलीपाशी शिवबाईच्या हातातली भाकरी थापायची थांबली.

मग पदराआडून चंद्रव्वा म्हणाली, "तुमी न्हाई, शिस्टर. फूल म्या चोरलं."

"चोरलं?"

"गोळी घेतच नव्हते की मी. सुरवातीला घेतली रोजच्या रोज. पाय सुजले. असे सुजले की चपलंत जाईनात. उखळापाशी दिवसभर बसायचं, सांजच्याला उटता येईना. मग सोडली. पाय बरे झाले. पर मग गुरवार आला." ती थांबली. "महिन्याचा माझा गुरवार जवळ आला की चार-सा दिस घ्यायची. तेवढ्यावर आकडा बसायचा. ह्या टायमाला चटणीची लई मोटी घाई हुती, ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. बुधवारी आटवलं. बुधवारी तीन घेतल्या, गुरवारी पहाटं उपाशीपोटी आनी चार."

"यव्वा!" निंगप्पा ओरडला. "येडी का खुळी तू! मरायचं हुतं काय?"

"आन् टाकीपाशी कशाला गेलतीस?" शिवबाईनं हळूच विचारलं.

चंद्रव्वानं पदर अजून पुढं ओढला. आता ती जे बोलली ते भिंतीला सांगितल्यासारखं.

"गल्लीत शिरायच्या आधी काढून टाकायची मी फुलं. लोक काय म्हणतील, निंगप्पा, तू काय म्हणशील. मग देवळामागनं सरळ आलं की दोन मिन्टांत गल्ली. म्हणून लांबनं जायची. टाकीवरनं, माळावरनं. तिकडं कुणी वळखीचं नसतं. तेवढा येळ डोक्यात ऱ्हातंय ना."

निंगप्पा खाली बसला.

"मला सांगायचं की, यव्वा."

"काय सांगू? म्हातारीला गजरा पायजे म्हणून?"

इंद्रायणीनं चंद्रव्वाचे पाय पाहिले. आता उतरलेले, काटक, टाचांना भेगा. इतके महिने ही बाई समोर बसत होती आणि इंद्रायणीनं तिचा दंड पाहिला होता, आकडा पाहिला होता, केस पाहिले होते. पाय कधी पाहिले नव्हते.

"मावशी, पाय सुजतात ते त्या गोळीनंच. कुणाकुणाला होतं तसं. गोळी बदलून मिळते. एवढंच होतं. एवढं मला सांगितलं असतंत तर..."

चंद्रव्वानं पदर बाजूला केला आणि पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. रागानं नव्हे, नवलानं.

"तुमी इचारलंच न्हाई की. तुमी आकडा इचारायच्या."

इंद्रायणीनं फोन काढला, डॉक्टरांना सगळं सांगितलं, स्वतःचंही. मग ते म्हणाले, "पाय बघायला मीही कधी खुर्चीतून उठलो नाही, सिस्टर. घेऊन या त्यांना, आत्ताच. हाताला मुंग्या म्हणताय, मला स्वतः बघू दे. गोळी बदलून देतो." निंगप्पानं चाक बसवलं, टेम्पो काढला. आईला चढवताना तो इंद्रायणीशी एक शब्द बोलला नाही. पण मागचं फळकुट तिच्यासाठीही उघडं ठेवलं.

डॉक्टरांनी तपासून दिलेली नवी गोळी घेऊन परतताना चंद्रव्वा म्हणाली, "बघते." घेते म्हणाली नाही. या एका शब्दावर इंद्रायणीनं पुढचे दिवस काढले.

गुरुवारी तिनं पुन्हा बाजारात स्कूटी थांबवली. गजरे नेहमीपेक्षा जास्त घेतले. ओट्यावर पोचल्यावर यंत्र पिशवीतच ठेवलं आणि आधी केळीचं पान उलगडलं.

"आज फुलं सगळ्यांना. आकड्याच्या आधी."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं.

"म्हंजी काय?" केराबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पास न् नापास एकाच मापात?"

"हो."

"मग मी उगंच पंधरा दिस लोणच्याकडं बघितलं न्हाई व्हय गं? सून पुढ्यात बसून खात हुती, मेली!"

हशा पिकला. इंद्रायणीही हसली, पण हसू गालापाशीच थांबलं. तिनं खुर्ची सोडली आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"आणि आज आधी पाय बघणार आहे मी. कुणाचे सुजतात, कुणाला गोळीचा काय त्रास होतो, ते सांगा. मी रागावणार नाही. मी कधी विचारलं नाही, हे माझं चुकलं."

हशा विरला. लुगड्यांचे काठ जरासे खाली सरकले, आणि बोटं काठाखाली लपली. इंद्रायणीला ते दिसलं.

तेवढ्यात टेम्पोचा आवाज आला. निंगप्पा उतरला, आईला धरून उतरवलं. चंद्रव्वा गळ्यातला हात सांभाळत पायरीपर्यंत आली आणि इंद्रायणीसमोर बसली. कुणी सांगायच्या आत तिनं डाव्या हातानं लुगड्याचा काठ घोट्याच्या वर ओढला.

"बघा. नव्या गोळीनं न्हाई सुजले. रोज घेते. ह्यो देतो हातात," तिनं मुलाकडं मान वळवली, "आन् गिळेपर्यंत उबा ऱ्हातो. पोलिसासारका."

इंद्रायणीनं तिच्या घोट्यावर हात ठेवला. ऊबदार होता. मग पट्टा बांधला. या खेपेला चंद्रव्वानं डोळे मिटले नाहीत.

"मोट्यानं वाचा."

"एकशे अठ्ठावन्नवर शहाण्णव." इंद्रायणीनं मोठ्यानं वाचलं. रेषेच्या बाहेरचा आकडा या ओट्यावर इतक्या मोठ्यानं कधी कुणी वाचला नव्हता. टाळी वाजली नाही.

निंगप्पा केळीच्या पानापाशी गेला. स्क्रू पिळणाऱ्या त्या जाड बोटांना गजरा धरता येईना. त्यानं तो कसाबसा उचलून आईच्या मांडीवर ठेवला. "घाल," तो म्हणाला. "पर आता लांबनं जायचं न्हाई. अन् गल्लीत काढायचाबी न्हाई."

गजरा कुणी माळला ते सांगणं कठीण, कारण चार हात एकदम पुढं आले. केराबाई मात्र पुढं झाली नाही. ती ओट्यावर पाठीमागं बसून खाली बघत होती. मग तिथूनच तिनं ओवी धरली, नेहमीपेक्षा हळू,

*दवाखान्याच्या दारात, कोण बसली पायरीला*
*चंद्रव्वा माझी बाई, पाय दावी शिस्टरला*

ओवी संपली. केराबाई उठली, पायरीपर्यंत आली आणि चंद्रव्वाच्या शेजारी टेकली. कधी नव्हे ती जीभ गप्प. तिनं लुगडं वर घेतलं.

चपलेच्या पट्ट्याच्या दोन खोल रेघा पावलांवर उमटल्या होत्या. घोटा कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं.

"मी येक दिसाआड घेती," केराबाई म्हणाली. "सांगणार हुते. पर ओव्या म्हणायला मीच. म्हणलं, आपलाच आकडा चुकला तर लाज वाटंल."

तिच्या मागं आणखी एकीनं काठ वर घेतला. तिच्यामागं अजून एकीनं. मोगऱ्याचा वास ओटाभर पसरला होता.

इंद्रायणीनं केराबाईच्या नडगीवर अंगठा ठेवला आणि दाबला. अंगठा काढल्यावर तिथं खड्डा राहिला. तो हळूहळू भरून येत होता, फार हळू. तो भरेपर्यंत ती तशीच बसून राहिली, नजर न हलवता. मग सरकून पुढच्या पायांपाशी गेली.